नकलेचा मुहूर्त

जुन्या कचेऱ्यांतून नकला करून देणाऱ्या कारकुनास नकलनवीस म्हणत. वडिलोपार्जित जमिनीच्या एखाद्या कागदाची नक्कल मिळविण्यासाठी ज्याने मामलेदार कचेरीचे उंबरठे झिजविले असतील त्यास हे सांगावयास नको की, नकलनवीसाचे अक्षर कितीही सुबक असले, त्याचा हात कितीही चपळ असला आणि दोन्ही कागद ताडून पाहण्याची त्याची सवय कितीही काटेकोर असली, तरी अर्जावर वरिष्ठांचा शेरा पडल्यावाचून त्याची लेखणी दौतीत बुडत नाही. आणि त्या शेऱ्यावर एकदा नक्कल मिळाली की त्याच शेऱ्याच्या बळावर दुसरी नक्कल मागणाऱ्यास कचेरी खुशाल परत पाठविते. नक्कल कशी होते, हा लेखणीचा प्रश्न आहे. ती केव्हा व्हावी, कोणाच्या हुकमाने व्हावी आणि एकदा झाली असता लागलीच पुन्हा होऊ नये याचा बंदोबस्त कोणी ठेवावा, हा कारभाराचा प्रश्न आहे. जीवाणू आपल्या गुणसूत्राची नक्कल करतात त्या व्यवहाराची ही दुसरी, कारभाराची बाजू मराठी वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे दैव अधिक उजळ निघाले. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या दुपेडी गोफाची रचना मांडली. १९५६ च्या सुमारास आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत डीएनए विणणारे विकर हाती लागले. आणि १९५८ साली मेसेल्सन व स्टाल यांनी जड नायट्रोजनची खूण वापरून दाखवून दिले की, नकलेनंतर जुन्या गोफाचा एकेक पेड प्रत्येक वारसाच्या वाट्यास येतो व त्याच्या जोडीला नवा पेड विणला जातो. या तिन्ही गोष्टी इतक्या देखण्या आहेत की पाठ्यपुस्तके त्यांच्यापाशीच रेंगाळतात, आणि त्यांचा मोह मलाही आवरलेला नाही. कित्येक वर्षे मी वर्गात लेखणीचेच कौतुक सांगत आलो आणि घंटा होण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत ‘मग पेशी दुभंगते’ एवढ्या वाक्यावर कारभाराची बोळवण करीत आलो. एका विद्यार्थिनीने एकदा उठून विचारले, ‘पण सर, सुरुवात कर असे तिला कोण सांगतं?’ त्या दिवशी घंटा झाली हे माझे नशीब.

ज्या जीवाच्या आधाराने या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे शोधले गेले तो आपणा सर्वांच्या आतड्यांत नांदणारा एशेरिकिया कोलाय, म्हणजे विज्ञानाच्या बोलीतला ई. कोलाय. थिओडोर एशेरिक नावाच्या बालवैद्याने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात तो पाहिला व त्याचे वर्णन केले. त्याची लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा. परंतु त्याचा सारा वंशलेख ज्या एका डीएनए रेणूत साठविलेला आहे तो ताणून सरळ केला तर १.६ मिलिमीटर भरतो. दोन सेंटिमीटरच्या डबीत सोळा मीटर दोरा गुंता न होऊ देता ठेवावयाचा, तो तेथेच असताना त्याची दुसरी आवृत्ती विणावयाची, आणि मग डबीच्या दोन डब्या करताना प्रत्येकीत नेमका एकेक दोरा जाईल अशी तजवीज करावयाची, हे प्रमाण मनात धरले म्हणजे प्रकरणाची नाजूकता ध्यानी येईल. चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेल्या या लेखात सुमारे ४६ लक्ष अक्षरजोड्या आहेत. त्यांचे संपूर्ण वाचन १९९७ साली प्रसिद्ध झाले.

येथे मराठी परिभाषेविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. ‘गुणसूत्र’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो बदला असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. तथापि सूत्र म्हटले की दोन टोके असलेला धागा डोळ्यांपुढे येतो, आणि जीवाणूंच्या बाबतीत बहुधा तेथेच फसगत होते. १९६३ साली जॉन केर्न्स यांनी किरणोत्सारी थायमिडीन पाजून वाढविलेल्या ई. कोलायचा डीएनए हलक्या हाताने पसरला, त्यावर छायाचित्रणाचे द्रावण चढविले आणि कित्येक आठवडे अंधारात ठेवून दिले. तेव्हा किरणांनी स्वतःच काढलेल्या त्या चित्रात टोके नव्हतीच. ते एक कडे होते, आणि ज्या रेणूंची नक्कल अर्धवट झालेली होती त्यांत कड्याच्या पोटात आणखी एक कमान दिसत होती, ग्रीक थीटा अक्षरासारखी. नक्कल कोठे तरी एका ठिकाणी सुरू होते आणि तेथून पुढे सरकते, हे त्या चित्राने सांगितले. ती दोन्ही बाजूंना सरकते हे पुढल्या दशकाच्या आरंभी निश्चित झाले. कडे असो वा धागा, आपण गुणसूत्रच म्हणू; वाचकाने मात्र मनात बांगडी धरावी.

आता जो पेच या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे त्याकडे वळू. नक्कल करणारी यंत्रणा ३७ अंश तापमानास सेकंदाला सुमारे एक हजार अक्षरे या गतीने चालते. दोन तुकड्या विरुद्ध दिशांनी निघतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला अर्धे कडे, २३ लक्ष अक्षरे. त्यास हजाराने भागले की २,३०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. नक्कल पुरी झाल्यावर दोन कडी विलग होऊन पेशी दुभंगेपर्यंत आणखी वीसेक मिनिटे जातात. एकंदर एक तास. परंतु उत्तम खुराक मिळालेला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, हे प्रयोगशाळेतला नवशिका मदतनीसही जाणतो. ज्या कामास तास लागतो ते वीस मिनिटांनी पुन्हापुन्हा पुरे कसे होते? चाळीस मिनिटांचा ग्रंथ वीस मिनिटांत उतरविण्यासाठी नकलनवीस घाई करीत असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. तसे घडत नाही. पेशी मध्यम व जलद गतीने वाढत असताना नकलेची गती जवळपास तीच राहते.

उलगडा १९६८ साली स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी केला, आणि ज्या युक्तीने केला ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. हेल्मस्टेटर यांनी जीवाणूंना एका पातळ पटलावर चिकटविले, पटल उलटे टांगले आणि वरून कोमट पोषक द्रव झिरपत ठेवला. चिकटलेली पेशी दुभंगली की तिचे एक अर्ध पटलावर राही आणि दुसरे, नवजात, द्रवाबरोबर खाली ओघळे. प्रयोगशाळेत या साधनाला ‘बाळयंत्र’ असे नाव पडले होते. पटलावर चढविण्यापूर्वी पेशींना क्षणभर किरणोत्सारी थायमिडीन पाजलेले असे. त्या क्षणी ज्या पेशी वयाने सर्वांत मोठ्या होत्या, म्हणजे दुभंगण्याच्या बेतात होत्या, त्यांची बाळे अर्थातच सर्वांआधी खाली येत. ज्या नुकत्या जन्मल्या होत्या त्यांची बाळे सर्वांत उशिरा. खाली येणाऱ्या बाळांच्या अंगातील किरणोत्सार मिनिटामिनिटाला मोजत गेले की, कोणत्या वयाची पेशी त्या क्षणी किती डीएनए विणीत होती याची जंत्रीच, मात्र उलट्या क्रमाने, हाती येई. घड्याळ पेशीच्या आत शिरू शकत नव्हते, म्हणून पेशीलाच घड्याळाबाहेर काढून रांगेत उभे केले होते.

या जंत्रीतून जे दिसले ते असे. पेशी वीस मिनिटांत दुभंगो वा तासाने, नकलेची चाळीस मिनिटे आणि पुढची वीस ही दोन्ही कलमे कायम राहतात. बदलतो तो आरंभाचा क्षण. तासाने दुभंगणारी पेशी जन्मताच नक्कल सुरू करते. तीस मिनिटांनी दुभंगणाऱ्या पेशीस लागणारी नक्कल तिच्या आईच्या जन्मवेळी सुरू झालेली असते; आणि वीस मिनिटांनी दुभंगणारीची तर आजीच्या जन्मवेळी. आजी पाळण्यात असतानाच नातीच्या घरची वाटणी लिहावयास घ्यावी, असा हा प्रकार. त्यामुळे जलद वाढणारी पेशी जन्मतेच मुळी अपुऱ्या नकला पोटात घेऊन. पहिली नक्कल संपण्यापूर्वी तिच्या दोन्ही प्रतींवर दुसरी फेरी सुरू झालेली असते, आणि अशा पेशीत नवा आरंभ एका ठिकाणी नव्हे, चार ठिकाणी एकदम होतो. कोपनहेगन येथे ओले मालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ सालीच साल्मोनेला जातीच्या जीवाणूंवर दाखविले होते की, खुराक जितका सकस तितकी पेशी अंगाने मोठी व डीएनएने संपन्न. ते का, याचा जमाखर्च दहा वर्षांनी असा जुळला.

हा जमाखर्च जुळला आणि प्रश्नाचे रूपच पालटले. लेखणीची गती ठरलेली, शेवटची मुदतही ठरलेली; तर मग वंशवृद्धीचा सारा वेग एका गोष्टीवर येऊन ठेपतो, ती म्हणजे मुहूर्त. तो काढणारा जोशी कोण?

त्याचा माग लावण्याचे काम आधीच सुरू झालेले होते. मालो आणि फिलिप हॅनवॉल्ट यांनी १९६१ साली दाखविले की, पेशीचा प्रथिने घडविण्याचा मार्ग बंद केला तर चालू असलेल्या नकला शेवटास जातात, परंतु नवी एकही सुरू होत नाही. म्हणजे आरंभासाठी काही तरी नवीन घडवावे लागते. १९६३ साली फ्रांस्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रांस्वा क्युझँ यांनी या ‘काही तरी’ला रूप दिले. गुणसूत्रावर एक ठरलेली जागा असावी आणि त्या जागेवर येऊन बसणारा, आरंभाचा हुकूम देणारा एक पदार्थ असावा, अशी त्यांची कल्पना होती. या कल्पनेतले धैर्य आज चटकन जाणवत नाही. दोनच वर्षांपूर्वी जाकोब यांनीच जाक मोनो यांच्यासह जनुकांच्या नियंत्रणाचा जो सिद्धान्त मांडून कीर्ती मिळविली होती त्याचा आत्मा निषेधाचा होता. तेथे जनुक मोकळे असते आणि दडपणारे प्रथिन त्यास रोखून धरते. नकलेच्या बाबतीत मात्र त्याच माणसाने उलट भूमिका घेतली, की येथे रोखणारा नव्हे तर आज्ञा देणारा हवा. पुढे काय निष्पन्न झाले ते पाहता, ते निम्मे बरोबर होते असे माझे मत आहे. आज्ञा देणारा सापडला, यात शंका नाही. पण त्याच्याभोवती निषेधांची जी तटबंदी निघाली तिची कल्पना १९६३ साली कोणासही आलेली दिसत नाही.

आज्ञाधारी प्रथिनाचा पत्ता लागला तो बिघडलेल्या पेशींमुळे. मासामिची कोहियामा आणि त्यांच्या पाठोपाठ युकिनोरी हिरोता यांनी असे ई. कोलाय वेगळे काढले की जे तीस अंशांस सुखाने वाढत. पण तापमान बेचाळीसवर नेले की चालू नकला पुऱ्या करून स्वस्थ बसत आणि नवी नक्कल हाती घेत नसत. ज्या जनुकात हा बिघाड होता त्यास ‘डीएनए-ए’ हे नाव मिळाले, आणि त्यापासून घडणाऱ्या प्रथिनासही. १९७७ च्या सुमारास आरंभाची जागाही वेगळी काढण्यात आली. ४६ लक्ष अक्षरांतली ती अवघी २४५ अक्षरे, आणि तिला ‘ओरी-सी’ म्हणतात. शेवटी १९८१ साली कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत फुलर आणि कागुनी यांनी पेशीरस व ओरी-सी असलेले छोटे कडे यांच्या साहाय्याने नकलेचा आरंभ परीक्षानळीत घडवून आणला. लेखणीचा शोध लावणाऱ्या माणसाला हुकमाच्या शोधासाठी आणखी पंचवीस वर्षे खपावे लागले.

हुकूम बजावला जातो तो असा. ओरी-सीमध्ये नऊ-नऊ अक्षरांच्या काही ठरलेल्या बैठका आहेत. त्यांपैकी दोन-तीन अशा की डीएनए-ए प्रथिन त्यांवर जवळजवळ अष्टौप्रहर बसलेले असते. बाकीच्या दुबळ्या, आणि त्यांवर जागा मिळते ती केवळ एटीपी या ऊर्जावाहक रेणूशी जोडी जमलेल्या डीएनए-एला. एटीपीचा एक तुकडा गळून एडीपी उरला की तेच प्रथिन, तेच अंग, पण अधिकार संपला. शिक्का नसलेला परवाना. एटीपीधारी प्रथिने पुरेशी साचली की दुबळ्या बैठका भरतात, प्रथिनांची मळसूत्री माळ तयार होते, आणि तिच्या ताणाने शेजारचा तेरा-तेरा अक्षरांचा पट्टा, जेथे गोफाचे दोन पेड मुळातच सैल बांधलेले आहेत, तो उलगडतो. लग्नात अंतरपाट दूर होतो त्या क्षणासारखाच हा क्षण आहे. मात्र येथे दोघांची भेट व्हावयाची नसून ताटातूट व्हावयाची आहे. उघड्या पडलेल्या पेडांवर गोफ उकलणाऱ्या विकराची दोन कडी चढविली जातात आणि दोन तुकड्या विरुद्ध दिशांनी चालू लागतात.

येथवर सगळे सरळ आहे. वाचकास वाटेल, मुहूर्त निघाला, कार्य सुरू झाले. परंतु माझ्या मते खरा कारभार येथून पुढे सुरू होतो. ओरी-सीची नक्कल सर्वांत प्रथम होते, म्हणजे आरंभाच्या दुसऱ्याच क्षणी पेशीत एकाच्या जागी दोन ओरी-सी असतात, दोन्ही अखंड. भोवती डीएनए-ए प्रथिनांची तीच गर्दी असते, तोच एटीपी असतो. मग लगेच दुसरा आरंभ का होऊ नये? तिसरा का होऊ नये? ज्या कचेरीत हुकूम देणारा एकच आहे आणि हुकूम देणे हेच ज्याचे काम, तेथे आवरणे हे देण्यापेक्षा अवघड असते. जीवाणूंनी या आवरण्यासाठी एक नव्हे, तीन बंदोबस्त केले आहेत, आणि तिघांची रीत निरनिराळी आहे.

पहिला बंदोबस्त ओल्या शाईचा. ई. कोलायच्या डीएनएत जेथे जेथे जीएटीसी ही चार अक्षरे या क्रमाने येतात तेथे डॅम नावाचे विकर मिथिल गटाची एक खूण करून ठेवते. नव्याने विणलेल्या पेडावर ही खूण नसते. ती काही काळाने उमटते, आणि मधल्या वेळात जुन्या पेडावर खूण व नव्यावर नाही अशी अर्धीमुर्धी स्थिती असते. ही स्थिती ओळखून तेथे चिकटणारे प्रथिन आहे, सेक्यू-ए. १९९४ साली नॅन्सी क्लेक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रकाशात आणले. चार अक्षरांचा एखादा ठराविक क्रम योगायोगाने यावयाचा तर २५६ अक्षरांत एकदा. ओरी-सीच्या २४५ अक्षरांत जीएटीसी अकरा वेळा आहे. हा योगायोग नव्हे, येथे जागा मुद्दाम मोहोरबंद केलेली आहे. इतरत्र खूण मिनिटा-दोन मिनिटांत उमटते. ओरी-सीवर मात्र सेक्यू-ए ठाण मांडून बसत असल्यामुळे ती पेशीचक्राच्या एकतृतीयांश काळापर्यंत उमटू शकत नाही, आणि तोवर डीएनए-एच्या दुबळ्या बैठका बंद राहतात. विशेष म्हणजे डीएनए-एच्या स्वतःच्या जनुकावरही याच काळात हीच जप्ती येते, म्हणजे हुकूम देणाऱ्याची नवी भरतीही थांबते.

जप्ती उठेपर्यंत परवाने रद्द व्हावयास हवेत, नाही तर दार उघडताच गर्दी आत घुसेल. ते काम दुसरा बंदोबस्त करतो, आणि त्यातली युक्ती मला तिन्हींत सर्वाधिक चतुर वाटते. नक्कल करणाऱ्या विकराला डीएनएवर धरून ठेवणारी एक प्रथिनाची कडी असते. ती डीएनएवर चढलेली आहे याचा अर्थच असा की नक्कल चालू आहे. या चढलेल्या कडीशी एचडीए नावाचे प्रथिन जोडीने बसते आणि भेटेल त्या डीएनए-एकडून एटीपीचा तुकडा गाळून त्यास एडीपीधारी करून सोडते. काम सुरू झाल्याची वर्दी देण्यासाठी वेगळा जासूद धाडावा लागत नाही. कामाचे हत्यारच परवाना फाडते. जपानात त्सुतोमु कातायामा यांच्या मंडळीने १९९८ पासून हा प्रकार टप्प्याटप्प्याने उलगडला. तिसरा बंदोबस्त ‘डॅट-ए’ नावाच्या एका टापूचा: ओरी-सीपासून फार दूर नसलेला हा टापू डीएनए-ए प्रथिनांना मोठ्या संख्येने आपल्याकडे ओढून घेतो व त्यांचाही एटीपी गाळण्यास हातभार लावतो.

बंदोबस्त सुटला तर काय होते, हेही पाहण्यात आले आहे. एचडीए नसलेल्या पेशींत आरंभावर आरंभ होत राहतात. मागून निघालेल्या तुकड्या पुढच्यांना गाठतात, गोफ तुटतो, आणि पेशी आपल्याच उत्साहाने मरते. उलट, रद्द झालेले परवाने पुन्हा चालू करण्याची सोयही गुणसूत्रावरच आहे; ‘डार्स’ म्हणून ओळखले जाणारे दोन टापू एडीपी काढून एटीपी बसविण्यास मदत करतात, तेव्हा पुढच्या मुहूर्ताची तयारी होते. एका पेशीत एकंदर डीएनए-ए प्रथिने हजाराच्या घरात. त्यांची संख्या फारशी हलत नाही, हलते ते एटीपीधारींचे प्रमाण, आणि ते आरंभाच्या सुमारास शिगेस पोचते. हा कारभार किती चोख असतो ते नॉर्वेत कर्स्टन स्कारस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राने दाखविले: सुदृढ पेशींत आरंभस्थाने दोन, चार, आठ अशीच आढळतात, कारण एका पेशीतली सर्व स्थाने जवळजवळ एकाच वेळी चालू होतात. तीन, पाच, सहा अशा संख्या दिसू लागल्या की समजावे, कारभारात काही तरी ढिलाई आहे.

मुहूर्त कशावरून निघतो, याचे पहिले उत्तर विल्यम डोनाकी यांनी १९६८ सालीच, दुसऱ्यांच्याच आकड्यांवर कागद-पेन्सिलीने हिशेब करून दिले होते. मालो यांच्या मंडळीचे पेशीच्या वजनाचे आकडे आणि कूपर-हेल्मस्टेटर यांचे वेळांचे आकडे एकत्र मांडल्यावर त्यांना आढळले की, पेशी हळू वाढो वा जलद, आरंभाच्या क्षणी तिच्या अंगाचे वजन भागिले आरंभस्थानांची संख्या, हा भागाकार जवळपास एकच येतो. म्हणजे मुहूर्त घड्याळावरून नव्हे, अंगावरून निघतो. पोर हाताला आले की त्यास कामाला लावावे तसा. नवे प्रयोग न करता नुसत्या हिशेबातून निघालेले एवढे टिकाऊ विधान जीवशास्त्रात विरळा. पेशी आपले अंग मोजते कशी, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तेथे आजही दोन पक्ष हिरिरीने वाद घालीत आहेत. २०१४ पासून काही अभ्यासकांनी सूक्ष्म नळ्यांतून हजारो पेशींच्या पिढ्यान्पिढ्या टिपून दाखविले की, प्रत्येक पेशी जन्मवेळी लहान असो वा मोठी, दुभंगण्यापूर्वी ठराविक तेवढीच भर अंगात घालते. ही भर नकलेच्या आरंभाशी बांधलेली आहे, की दुभंगण्याचा हिशेब नकलेहून स्वतंत्र चालतो, यावर मतभेद आहेत. या पुस्तकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माझा स्वतःचा कल, डोनाकी यांच्याविषयीच्या आदरामुळे असेल, पहिल्या पक्षाकडे आहे.

ई. कोलायचा कायदा सर्व जीवाणूंस लागू आहे असे मात्र वाचकाने समजू नये. गोड्या, निःसत्त्व पाण्यात राहणारा कॉलोबॅक्टर दुभंगतो तेव्हा देठ असलेली एक आणि पोहणारी एक, अशा दोन विषम लेकी जन्मतात. देठवाली लगेच नक्कल सुरू करते, आणि पोहणारीच्या आरंभस्थानावर सीटीआर-ए नावाचे प्रथिन पहारा देत बसते. ती पोहणे सोडून, बूड टेकवून देठ फोडावयास लागली की पहारेकऱ्याचा नाश केला जातो. ल्यूसी शपिरो यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली हा पहारेकरी शोधला. क्षयाचा जंतू तर संथपणाचा अर्कच. त्याचे गुणसूत्र ई. कोलायच्या एवढेच, ४४ लक्ष अक्षरांचे, परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याच्या नकलेस सुमारे दहा तास लागतात, आणि दुभंगण्यास जवळपास अख्खा दिवस.

ज्याच्या नुसत्या नावाने एके काळी पंढरीच्या वाटेवरल्या गावांचा थरकाप होई त्या पटकीच्या जंतूची व्यवस्था सर्वांहून मौजेची. त्याला गुणसूत्रे दोन, एक सुमारे तीस लक्ष अक्षरांचे आणि एक सुमारे अकरा लक्षांचे. दोन्हींची नक्कल एकदम सुरू झाली तर धाकट्याची केव्हाच संपून ते ताटकळत बसेल. म्हणून धाकट्याचा आरंभ थोरल्याच्या नकलेवर टांगून ठेवलेला आहे. थोरल्या गुणसूत्रावर ‘सीआरटी-एस’ नावाची एक खूणगाठ आहे. थोरल्याची नक्कल करणारी तुकडी चालत चालत त्या गाठीपर्यंत पोचली आणि गाठीची नक्कल झाली की धाकट्यास इशारा मिळतो, आणि दोन्ही कामे जवळजवळ बरोबरीने संपतात. २०१६ साली हा शोध लागला तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. जाकोब यांनी आपली कल्पना मांडली तेव्हा ते ज्या संस्थेत काम करीत होते, तीच ही संस्था.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण वाचताना वाचक थोडा चिडण्याचा संभव आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सिनेकोसिस्टिस नावाचा एक नील-हरित जीवाणू आहे, सूर्यप्रकाशावर जगणारा; त्याच्या एकेका पेशीत गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात, आणि सर्वांची नक्कल एका वेळी सुरू होत नाही. त्याच्यापाशीही डीएनए-एचे जनुक आहे. ज्या प्रथिनावाचून ई. कोलाय एक पिढीही पुढे जाऊ शकत नाही, ज्याच्याभोवती येथवर सांगितलेला सारा कारभार फिरतो, त्याचे ते जनुक १९९८ साली या जीवाणूतून काढून टाकण्यात आले. पेशी वाढत राहिल्या, हिरव्या राहिल्या, आणि दुभंगत राहिल्या.